यादीतला नंबर आणि आपला नंबर

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी माजी विद्यार्थी म्हणून मला आपल्या महाविद्यालयात बोलावणे आले होते. भाषण झाले, चहा झाला, आणि निघता निघता तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने जिन्यातच मला गाठले. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, नोकरी सोडून तुम्ही एम.बी.ए. करणार आणि मग कन्सल्टन्सीत जाणार असं ऐकलं. यादीत पहिला नंबर कुठल्या कॉलेजचा?" त्या घाईत मी त्याला काहीतरी उत्तर दिले. परंतु उद्यमबागेकडे परतताना माझ्या लक्षात आले की, गेले सहा महिने मीही स्वतःला हाच प्रश्न विचारीत होतो, आणि हा प्रश्नच मुळात चुकीचा होता. संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्या विद्यार्थ्याचे राहिलेले उत्तर द्यावे असे ठरविले.

प्रथम माझी हकीकत थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी बेळगावातल्याच एका फाउंड्रीत लागलो, त्याला आता सहा वर्षे झाली. वय अठ्ठावीस, पगार महिना ४५ हजार. आमचे आप्पा याच धंद्यात मोल्डर होते. वाळूचे साचे भरण्यात त्यांचा जन्म गेला. मी व्यवस्थापन सल्लागार होणार असे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे, सल्ला तर फुकट मिळतोय की सगळीकडं. विकत कोण घेणार तो?"

आप्पांच्या या प्रश्नाला हसणे सोपे आहे, उत्तर देणे अवघड. मला ते उत्तर आमच्याच फाउंड्रीत मिळाले होते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमचे रिजेक्शन एकाएकी वाढले. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली छिद्रे, निघू लागली. सुपरवायझर मोल्डरांना दोष देई, मोल्डर वाळूला, आणि भट्टीवरचा माणूस सगळ्यांनाच. मालकांनी कोल्हापूरहून एका निवृत्त इंजिनिअरांना बोलाविले. गृहस्थ एस.टी.ने आले. आल्या आल्या काही उपदेश करतील असे आम्हांला वाटले होते, पण त्यांनी फक्त एक वही मागितली. कोणत्या पॅटर्नचे किती नग, कोणत्या पाळीत, कोणत्या कारणाने नापास झाले, याची पंधरा दिवस नोंद ठेवायला सांगून ते परत गेले. पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा दिसले की, चाळीसभर पॅटर्नांपैकी दोनच पॅटर्न निम्म्याहून अधिक रिजेक्शनला कारण होते. दोन्हींमध्ये कोअर वापरावे लागत, आणि ते कोअर ज्या भिंतीलगत रचून ठेवीत, ती भिंत पावसात पाझरत होती. दमट कोअरला तापलेले लोखंड भिडले की वाफ होणार आणि ती वाफ धातूत अडकणार, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते. पण मोजून पाहावे असे एकालाही सुचले नव्हते. कोअरचे रॅक दुसऱ्या भिंतीला हलविले आणि महिन्याभरात गाडी रुळावर आली.

हा प्रसंग मी आप्पांना पुन्हा सांगितला. ते एवढेच म्हणाले, "मग तसं म्हण की. वही ठेवणारा."

वही ठेवणारा! सल्लागाराची याहून चांगली व्याख्या मला पुढे कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही.

आता या धंद्याचा इतिहास थोडा पाहू, कारण त्याशिवाय आजच्या शाळांचे कोडे उलगडत नाही. ज्याला व्यवस्थापनशास्त्राचा आद्य पुरुष मानतात, तो फ्रेडरिक टेलर १८७४ साली फिलाडेल्फियातल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकरचा उमेदवार म्हणून लागला होता. म्हणजे आमच्याच बिरादरीतला! पुढे पोलादाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काढल्यावर तो सल्लागार इंजिनिअर झाला. आपल्याकडचे उदाहरण तर मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखेच जवळचे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी जवळजवळ २५ वर्षे काढली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, त्यानंतर निजाम सरकारने त्यांना सल्लागार म्हणून पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवावा असे त्यांनी सुचविले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे त्याचे फळ. तात्पर्य, त्या काळी आधी काम येई आणि मागाहून सल्ला.

हा क्रम उलटा झाला तो अमेरिकेत. शिकागो विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्सी यांनी १९२६ साली आपली सल्लागार संस्था काढली. प्रारंभी तिथे अनुभवी माणसेच घेत. १९५० नंतरच्या दशकात मात्र या संस्थेने हार्वर्डमधून नुकतीच बाहेर पडलेली तरुण मुले घेण्याचा पायंडा पाडला. अनुभव कमी असला तरी चालेल, पण बुद्धी तल्लख हवी, मेहनतीची तयारी हवी आणि शिकविले तसे वळण घेणारे मन हवे, असा त्यामागचा विचार होता. १९६३ साली बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ साली बेन या संस्था निघाल्या, त्याही याच वाटेने गेल्या. तेव्हापासून बिझनेस स्कूल हे या व्यवसायाचे महाद्वार बनले. मुलाखतीची पद्धतही तशीच. समोर एक धंदा ठेवायचा, "नफा का घटला?" असे विचारायचे, आणि उमेदवार प्रश्नाची फोड कशी करतो, आकडा कुठे मागतो, हे अर्धा तास पाहायचे.

आपल्या देशात १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीला अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे साहाय्य होते, दुसरीला हार्वर्डचे. १९६३ साली मुंबईच्या पवईला कारखानदारीतल्या प्रश्नांसाठी 'नायटी' निघाली, तीच २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली. बंगळूरची संस्था १९७३ ची, मराठी माणसांच्या जुन्या वस्तीच्या इंदूरची १९९६ ची. २००१ साली हैदराबादला इंडियन स्कूल ऑफ बिझनेस सुरू झाले. एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि तोही नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी, ही कल्पना आपल्याकडे रुजविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. अहमदाबादनेही २००६ साली अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम काढला. परदेशात जायचे तर फ्रान्समधल्या इन्सिआडचा अभ्यासक्रम अवघ्या १० महिन्यांचा आहे. हार्वर्डचा दोन वर्षांचा, आणि तिथे फी व राहणे मिळून वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक खर्च येतो.

इतकी नावे पाहिल्यावर माणूस साहजिकच यादी शोधू लागतो. मीही शोधली. वर्तमानपत्रांच्या याद्या, परदेशी नियतकालिकांच्या याद्या, सरकारी यादी. एकीत जी संस्था तिसरी, ती दुसरीत आठवी. मी या साऱ्यांची सरासरी काढून स्वतःचीच एक यादी केली आणि ती भिंतीवर लावली! आज त्याचे हसू येते. यादी करणारा शेकडो विद्यार्थ्यांचे पगार, प्राध्यापकांचे संशोधन, परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण अशा अनेक गोष्टी एका आकड्यात कोंबतो. त्या आकड्यात फाउंड्रीतला अठ्ठावीस वर्षांचा माणूस कुठे बसतो? तो बसतच नाही. मला जे हवे होते ते त्या आकड्यात नव्हतेच.

पगाराच्या आकड्यांचेही तसेच. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला वर्षाला एक कोटी मिळाले आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी वीस लाख. सरासरी अठ्ठावीस लाख होते, पण दहांपैकी एकालाही अठ्ठावीस लाख मिळालेले नसतात. म्हणून मध्यक, म्हणजे ओळीने उभे केले तर मधल्याला काय मिळते, ते पाहावे. इथे ते वीसच येते. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातली ही गोष्ट आहे. आपले प्राध्यापक ती फळ्यावर कितीदा तरी समजावून देतात, आणि प्रवेश घेण्याच्या दिवशी नेमकी तीच आपण विसरतो. तसेच, किती जणांनी संस्थेमार्फत नोकरी घेतलीच नाही आणि त्यांना हिशेबात धरले आहे की नाही, हेही अहवालात शोधावे. काही संस्था असे अहवाल ठरलेल्या नमुन्यात देतात आणि बाहेरच्या हिशेबनिसाकडून तपासून घेतात. जिथे फक्त 'सर्वोच्च पगार' मोठ्या टायपात छापलेला असतो, तिथे सावध राहावे.

यथावकाश माझ्यापुढे दोन प्रवेशपत्रे आली. संस्थांची नावे सांगत नाही. सांगितली तर वाचक पुन्हा यादी काढूनच बसेल. पहिली संस्था नावाजलेली. अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि राहण्याखाण्यासह खर्च ४० लाख. दुसरी यादीत बरीच खाली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, खर्च २२ लाख.

पहिल्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला तो अर्थातच पहिल्या पत्राने. शेजाऱ्यांनाही ते नाव ठाऊक होते. मी मात्र त्या रात्री कोल्हापूरच्या इंजिनिअरांची आठवण काढून एक वही घेतली आणि तीन प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न असा : माझ्यासारखा किती जणांना त्या संस्थेतून मला हवे ते काम मिळाले? 'माझ्यासारखा' हा शब्द महत्त्वाचा. दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांना मी पत्रे धाडली, फोन केले. बहुतेकांनी मनमोकळी उत्तरे दिली. त्यातून एक गोष्ट कळली, ती कोणत्याही यादीत नव्हती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोनेक महिने एखाद्या कंपनीत उमेदवारी करावी लागते. धंदा बदलू पाहणाऱ्याला तीच संधी. काम पाहून ते लोक पारखतात, आणि पसंत पडले तर पुढच्या नोकरीचे वचन तिथेच मिळते. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात सहसा तेवढी सवड नसते. तिथे कंपन्या तुमचा मागचा अनुभव पाहून बोलावतात. ज्याचा अनुभव आधीच त्यांच्या उपयोगाचा आहे, त्याला ते फार सोयीचे. पण ज्याला गाव, धंदा आणि कामाचे स्वरूप या तिन्ही गोष्टी एकदम बदलायच्या आहेत, त्याची त्या एका मुलाखतीवर सारी भिस्त. शिवाय अनेक सल्लागार संस्था मुलाखतीला बोलावण्यापूर्वी दहावीपासूनचे गुण चाळतात. माझे बारावीचे गुण काही मिरविण्यासारखे नाहीत. पहिल्या संस्थेत येणाऱ्या बड्या सल्लागार कंपन्यांच्या चाळणीतून मी खाली पडण्याचाच संभव अधिक होता. दुसऱ्या संस्थेत बडी नावे कमी येतात, पण कारखान्यांतले उत्पादन, गुणवत्ता आणि पुरवठा यांवर सल्ला देणाऱ्या कंपन्या नेमाने येतात, आणि त्यांना भट्टीजवळ उभा राहिलेला माणूस हवा असतो.

दुसरा प्रश्न पैशाचा : हवे ते काम मिळालेच नाही तर कर्ज कसे फेडणार? ४० लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता जवळजवळ ५३ हजार होतो. आजचा माझा सगळा पगारही त्याला पुरणार नाही. २२ लाखांचा हप्ता होतो २९ हजार. अर्थात दोन वर्षांचा अभ्यासक्रम दिसतो तितका स्वस्त नाही, हेही कबूल केले पाहिजे. एका वर्षाचा बुडालेला पगार ५ लाख ४० हजार, दोन वर्षांचा १० लाख ८० हजार. तो मिळवला तर पहिल्या वाटेचा खर्च ४५ लाख ४० हजार आणि दुसरीचा ३२ लाख ८० हजार. तरीही साडेबारा लाखांवर फरक राहतोच. बँक तारण मागत नव्हती, पण सहकर्जदार म्हणून आप्पांची सही मागत होती. ज्या हातांनी चाळीस वर्षे साचे भरले, त्या हातांची सही ४० लाखांच्या कागदावर घ्यायची, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : मला खरोखरच सल्लागार व्हायचे आहे, की नुसते इथून सुटायचे आहे? याचे उत्तर लिहायला मला आठवडा लागला. खरे सांगायचे तर प्रारंभी मला सुटायचेच होते. भट्टीची धग, रात्रपाळी, तोच रस्ता, तेच फाटक. विमानाने हिंडणारे सल्लागार आणि त्यांचा पोशाख यांचे आकर्षण होते. पण पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, त्या विमानाच्या मागे आठवड्यातले चार दिवस परगावी, मध्यरात्रीपर्यंतचे काम, आणि दोन-तीन वर्षांत वरची पायरी चढली नाही तर संस्था सोडण्याची पाळी, असा प्रपंच असतो. ज्याला केवळ पळायचे आहे तो तिथूनही पळेल. मी वही पुन्हा वाचली, आणि आठवले ते पावसाळ्यातले पंधरा दिवस. रोज संध्याकाळी रिजेक्शनचे नग मोजताना मला जो आनंद झाला होता, तो सहा वर्षांत दुसऱ्या कशाने झाला नव्हता. तेवढ्या आधारावर मी पुढे जायचे ठरविले.

आमच्या एका जुन्या सरांना हा सारा हिशेब दाखविला. त्यांना तो पटला नाही. ते म्हणाले, "नोकरी पाच वर्षांची असते, पण संस्थेचं नाव जन्मभर पुरतं. बरोबर शिकलेले लोक उद्या मोठ्या जागांवर बसतील. सीमाभागातला मुलगा आधीच मागे पडतो, तर मिळालेलं मोठं नाव का सोडतोस?" सरांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. मोठ्या नावाचे सामर्थ्य असते आणि आपल्या मुलांना त्याची गरज इतरांहून अधिक असते, हे खरे आहे. माझे बारावीचे गुण चांगले असते, किंवा डोक्यावर कर्ज नसते, किंवा मला पुन्हा उत्पादनाच्याच धंद्यात वरच्या जागेवर जायचे असते, तर मी सरांचेच ऐकले असते. म्हणूनच माझा निर्णय इतरांनी उचलावा असे मी म्हणत नाही. उचलायची असेल तर वही उचलावी. त्याच तीन प्रश्नांची तुमची उत्तरे वेगळी येतील आणि ती तुम्हांला भलत्याच संस्थेकडे नेतील, कदाचित यादीतल्या पहिल्या नंबरकडेही!

सीमाभागाविषयी मात्र सरांशी माझा थोडा मतभेद आहे. मुलाखतीतले अस्खलित इंग्रजी आपल्याला जड जाते हे खरे, आणि ते मेहनतीने कमवावेच लागेल. पण आमच्या शॉपवर मी मोल्डरांशी मराठीत बोलतो, मशीन शॉपमध्ये कन्नडात, बाहेरून आलेल्या कामगारांशी हिंदीत, आणि गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहितो. पाझरणाऱ्या भिंतीची गोष्ट शेवटी वहीतून कळली, पण ती वही भरली होती हाताखालच्या माणसांनी, आणि ती खरी भरली, कारण त्यांच्या भाषेत विचारणारा कोणी होता. हे ज्या संस्थेत शिकवीत नाहीत ते आपल्याला या गावाने फुकट शिकविले आहे. त्याची किंमत आपणच कमी लेखू नये.

असो. गेल्या महिन्यात मी दुसऱ्या संस्थेची अनामत रक्कम भरली. पहिल्या संस्थेला नकाराचे पत्र लिहिताना हात थोडा अडखळला, हे लपवीत नाही. भिंतीवरची यादी काढली. आप्पांनी कर्जाच्या कागदावर सही केली, पण त्याआधी हप्त्याचा आकडा दोनदा विचारून घेतला. सही झाल्यावर मला म्हणाले, "शिकून आलास की पहिल्यांदा आपल्याच फाउंड्रीची वही बघ. फी मागू नकोस म्हणजे झालं."

जिन्यात मला गाठणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे नाव विचारायचे राहून गेले. हा अंक त्याच्या हाती पडेलच. त्याला एवढेच सांगायचे आहे की, बाबा रे, यादीतल्या पहिल्या नंबराची चौकशी जरूर कर; पण त्याआधी एक दोनशे पानी वही आण, आणि पहिल्या पानावर स्वतःचे बारावीचे गुण, घरचे उत्पन्न आणि ज्या कामात वेळेचे भान राहत नाही ते काम, एवढ्या तीन गोष्टी खऱ्या खऱ्या लिही.